सहजप्रवृत्तीचा प्रश्न आणि अमेरिकन सरकारचे कबुतर-संशोधन

शाळेच्या पुस्तकात प्राण्यांच्या वर्तनाचे प्रकरण आले की एक प्रश्न हमखास विचारला जातो : पुढीलपैकी कोणते वर्तन उपजत आहे व कोणते शिकलेले आहे ? एका रकान्यात कोळ्याचे जाळे, मधमाश्यांचे पोळे आणि सुगरणीचे घरटे जाते. दुसऱ्या रकान्यात सर्कशीतील हत्ती, पंजा देणारा कुत्रा आणि बोलणारा पोपट. विद्यार्थ्याला हे रकाने भरणे अवघड वाटत नाही. मानसशास्त्राला मात्र ते भरताना विसाव्या शतकाचा मोठा भाग खर्ची घालावा लागला, आणि तरीही दोन रकान्यांमधली रेघ जागच्या जागी राहिली नाही.

सुगरणीचेच उदाहरण घ्यावे. सालिम अली ह्यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीम येथे राहून ह्या पक्ष्याच्या वीणकामाचे निरीक्षण केले व पुढील वर्षी ते प्रसिद्ध केले. घरटे नर विणतो, अर्धवट विणलेले घरटे मादी पाहून पसंत करते, आणि एका मादीची सोय लागताच नर दुसरे घरटे विणावयास घेतो, हे त्यातून स्पष्ट झाले. ही सर्व परंपरा शिकविण्यास कोणी नसते. तेव्हा ती उपजत म्हणावयाची. पण आफ्रिकेतील ह्याच कुळातील पक्ष्यांवर निकोलस व एल्सी कोलायस ह्या दांपत्याने पुढे प्रयोग केले, तेव्हा असे आढळले की लहानपणी पाने व काड्या चाळविण्यास न मिळालेल्या नराचे विणकाम ओबडधोबडच राहते. म्हणजे पुस्तकातील सर्वांत निःशंक उदाहरणाचा एक पाय दुसऱ्या रकान्यात आहेच.

मानसशास्त्रात ह्या प्रश्नाने प्रथम एका टोकाला उडी घेतली व नंतर दुसऱ्या. विल्यम मॅक्डूगल ह्यांनी १९०८ साली सामाजिक मानसशास्त्रावरील आपल्या ग्रंथात मनुष्याच्या बहुतेक व्यवहाराचा उगम मूठभर सहजप्रवृत्तींत शोधला. त्यानंतर जो तो आपापल्या सोयीने नव्या प्रवृत्ती कल्पू लागला. मनुष्य भांडतो म्हणून भांडणाची प्रवृत्ती, संग्रह करतो म्हणून संग्रहाची. स्पष्टीकरण म्हणून जे सांगावयाचे तेच नावात बांधून दिले जात होते. प्रतिक्रिया अटळ होती. वॉटसन ह्यांनी १९१३ साली वर्तनवादाची घोषणा केली, नाइट डनलॅप ह्यांनी १९१९ साली सहजप्रवृत्ती मुळात आहेत काय असा प्रश्न टाकला, आणि बर्कली येथे शिकणारे चिनी विद्यार्थी झिंग-यांग कुओ ह्यांनी १९२१ साली ही कल्पनाच मानसशास्त्रातून काढून टाकावी असा सरळ सल्ला दिला. पुढील तीन दशके अमेरिकन प्रयोगशाळांतून सहजप्रवृत्ती हा शब्द उच्चारणे हे जवळजवळ असंस्कृतपणाचे लक्षण झाले. बी. एफ. स्किनर ह्यांचा ‘द बिहेवियर ऑफ ऑर्गॅनिझम्स’ हा ग्रंथ १९३८ साली निघाला. त्याच्या नावात सर्व जीव असले तरी आत प्रायः पांढरा उंदीर, एक दांडी आणि अन्नाची गोळी एवढेच होते.

ज्या ग्रंथाने प्राण्याची जात गौण मानली, त्याच ग्रंथाच्या कर्त्याला दोन वर्षांनी एका विशिष्ट जातीच्या पक्ष्याची गरज पडली. युरोपात युद्ध सुरू झाले होते व विमानांतून शहरांवर बाँब पडत होते. १९४० साली शिकागोला जात असता स्किनर ह्यांना आगगाडीच्या खिडकीतून पक्ष्यांचा एक थवा एकदम वळताना व वर उठताना दिसला. तीक्ष्ण दृष्टी आणि विलक्षण चपळाई असलेले हे यंत्र अस्त्राला मार्ग का दाखवू शकणार नाही, असा विचार त्यांच्या मनात आला. मिनेसोटा विद्यापीठात परतल्यावर त्यांनी कबुतरे आणली.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. लष्करे कबुतरे वापरीत आलीच होती. पण ती घराकडे परतण्याच्या उपजत सामर्थ्यासाठी. ओडिशा पोलिसांनी १९४६ साली लष्कराकडून मिळालेल्या कबुतरांवर उभारलेली संदेशसेवा ह्याच सामर्थ्यावर चालली आणि १९९९ च्या महाचक्रीवादळात दूरध्वनीच्या तारा तुटल्या तेव्हाही तिचा उपयोग झाला. अशा सेवेत सरकार पक्ष्याला नवीन काही शिकवीत नाही. त्याच्या ओढीला फक्त एक चिठ्ठी बांधते. स्किनर ह्यांची योजना ह्याच्या अगदी उलट होती. कबुतराचे घर, त्याची ओढ, त्याचा थवा ह्यांपैकी कशाचाही तीत संबंध नव्हता. हवी होती फक्त एक चोच, जी पडद्यावरील चित्रावर टोचा मारील आणि मारीतच राहील.

पहिले उपकरण गमतीचे होते. कबुतराला पायमोज्यात घालून बांधले जाई, त्याची मान तेवढी मोकळी असे, आणि मान हलविल्याने चालणाऱ्या विजेच्या मोटारींनी ते स्वतःच समोरच्या लक्ष्याकडे सरकत जाई. हा प्रयोग विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक व अधिष्ठाते जॉन टेट ह्यांनी पाहिला व त्याची वार्ता वॉशिंग्टनला राष्ट्रीय संरक्षण संशोधन समितीचे रिचर्ड टोलमन ह्यांच्याकडे पोहोचविली. हे टोलमन भौतिकशास्त्रज्ञ. उंदरांच्या चक्रव्यूहांवरील प्रयोगांनी प्रसिद्ध झालेले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टोलमन त्यांचे सख्खे भाऊ. पण घरातील ह्या ओळखीचा कबुतरांना लाभ झाला नाही. उत्तर नकाराचे आले. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यानंतर स्किनर व त्यांचे विद्यार्थी केलर ब्रेलंड ह्यांनी काम पुन्हा हाती घेतले, त्याचे चलच्चित्र तयार केले व पाठविले. पुन्हा नकार.

ह्यानंतर प्रकल्प जगला तो एका पिठाच्या कंपनीमुळे. मिनिआपोलिसच्या जनरल मिल्स ह्या कंपनीकडे कुत्र्यांकरवी पाणसुरुंग चालविण्याची योजना घेऊन एक तरुण आला होता. तिची शहानिशा करण्यासाठी कंपनीने प्राणिवर्तनाचा जाणकार म्हणून स्किनर ह्यांना बोलाविले, आणि कुत्री बाजूला पडून कबुतरे पुढे आली. कंपनीचे उपाध्यक्ष आर्थर हाइड ह्यांनी पाच हजार डॉलर व एका पिठाच्या गिरणीचा वरचा मजला दिला. तेथे झालेल्या कामाच्या जोरावर जून १९४३ मध्ये सरकारच्या वैज्ञानिक संशोधन व विकास कार्यालयाने पंचवीस हजार डॉलरचा करार केला.

ज्या पंख असलेल्या, इंजिनविरहित बाँबसाठी हे काम करावयाचे होते त्याला पेलिकन असे नाव होते. पेलिकनच्या चोचीत पोटापेक्षा अधिक मावते असे म्हणतात. ह्या बाँबमध्येही मार्गदर्शक यंत्रणेनेच इतकी जागा व्यापली होती की दारूसाठी फारशी उरत नव्हती. बाँबच्या नाकात भिंग बसवून समोरचे दृश्य एका अर्धपारदर्शक पडद्यावर पाडावयाचे आणि कबुतराने त्यातील लक्ष्यावर टोचा मारावयाच्या. टोच मध्यावर पडली तर पडद्याच्या चारही कडांच्या झडपांतून सारखी हवा येई. बाजूला पडली तर एका झडपेतून अधिक. हवेच्या दाबातील ह्या फरकाने सुकाणू वळे. एकाच पक्ष्यावर विसंबू नये म्हणून पुढे तीन कबुतरांची योजना झाली, आणि दोघांचे मत तिसऱ्यावर बंधनकारक ठरले. नाक तोडून काढलेल्या लोकसभेसारखा हा प्रकार वाटला तरी यांत्रिकदृष्ट्या तो अतिशय शहाणपणाचा होता.

कबुतरांची तयारी खरोखर असामान्य होती. दाणा प्रत्येक टोचेला न देता अधूनमधून व अनियमितपणे दिल्याने पक्षी थकत नसत किंवा निराश होत नसत. एका कबुतराने पंचेचाळीस मिनिटांत दहा हजारांहून अधिक टोचा मारल्याची नोंद आहे. गोंगाट, हेलकावे, दाबातील बदल ह्यांपैकी कशानेही ती विचलित होत नसत. संशोधकांची अडचण वेगळीच होती. गुप्ततेच्या नियमांमुळे बाँबला नेमका कोणत्या प्रकारचा संकेत हवा हेच त्यांना पुरते सांगितले जात नव्हते. ज्या सरकारने काम दिले त्यानेच ते काम कशासाठी आहे हे झाकून ठेवावे, हा युद्धकालीन संशोधनाचा सर्वसामान्य अनुभव होय. येथे त्याची किंमत विशेष जड गेली.

मार्च १९४४ मध्ये वॉशिंग्टन येथे शास्त्रज्ञांच्या समितीपुढे अंतिम प्रात्यक्षिक झाले. योजना अशी होती की प्रत्येक सदस्याने एका नळीतून पेटीच्या आत डोकवावे, म्हणजे कबुतराला अंधार मिळेल. वेळ थोडा असल्याने पेटीचे झाकणच काढण्यात आले. पडदा उजेडाने फिका पडला, ओळख नसलेले चेहरे वरून वाकले, आणि कबूतर टोचा मारीत राहिले. प्रयोगात उणे काही नव्हते. परंतु ते दृश्य पाहून सदस्यांना हसू आवरणे कठीण गेले, आणि जिवंत पक्षी जितक्या बिनचूकपणे काम करी तितकी ती कल्पना त्यांना अधिक असंभाव्य वाटू लागली, असे स्किनर ह्यांनी १९६० साली ‘अमेरिकन सायकॉलॉजिस्ट’ मासिकात लिहिलेल्या वृत्तांतात नमूद केले आहे. पुढील महिन्यात नकाराचे पत्र आले. हे काम चालू ठेवल्यास लवकर उपयोगी पडतील अशा इतर कामांना विलंब लागेल, असे कारण त्यात दिले होते. नौदलाने १९४८ मध्ये हीच योजना निराळ्या नावाने पुन्हा हाती घेतली व १९५३ मध्ये सोडून दिली. तोवर विद्युत्-यंत्रणा पुरेशा विश्वसनीय झाल्या होत्या. १९४५ साली प्रत्यक्ष लढाईत उतरलेल्या मार्गदर्शित बाँबमध्ये रडार होते आणि त्याला वटवाघळाचे नाव दिलेले होते. प्राण्याचे नाव स्वीकारावयास अधिकाऱ्यांची हरकत नव्हती. हरकत होती ती प्राण्याची.

समितीचा निर्णय चुकीचा होता असे म्हणणे सोपे आहे, आणि स्किनर ह्यांनी आयुष्यभर तेच मानले. इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट ही की समितीने विचारावयास हवा होता तो प्रश्न कोणीच विचारला नाही. कबूतर विश्वासार्ह आहे की नाही, एवढ्यावरच वाद झाला. ते इतके विश्वासार्ह का आहे, हे समितीने विचारले नाही आणि स्किनर ह्यांनाही विचारावेसे वाटले नाही. त्यांच्या मते उत्तर उघड होते : दाणा कसा व केव्हा द्यावा हे ज्याला कळले त्याला कोणत्याही प्राण्याकडून कोणतीही क्रिया करवून घेता येते. टोच ही अशीच एक, दांडी दाबण्यासारखी, सोयीसाठी निवडलेली क्रिया होती.

हा विश्वास पक्का झाला तोही त्याच गिरणीत. १९४३ मध्ये सरकारी उत्तराची वाट पाहत बसलेले असता स्किनर, ब्रेलंड आणि नॉर्मन गटमन ह्यांनी एका कबुतराला चोचीने लाकडी चेंडू ढकलावयास शिकविण्याचे ठरविले. पूर्ण क्रिया घडेपर्यंत थांबण्याऐवजी त्यांनी चेंडूकडे नुसते पाहिल्याबद्दलही दाणा दिला, मग जवळ गेल्याबद्दल, मग स्पर्शाबद्दल. काही मिनिटांत चेंडू पेटीच्या भिंतींवर आपटू लागला. वर्तनाला हाताने आकार देण्याची ही पद्धत पुढे शाळांपासून रुग्णालयांपर्यंत पसरली, आणि त्या दिवसाचा उल्लेख स्किनर ह्यांनी मोठ्या ज्ञानप्रकाशाचा दिवस असा केला.

ब्रेलंड ह्यांनी त्या प्रकाशावर संसार मांडला. केलर व त्यांच्या पत्नी मॅरियन ह्यांनी विद्यापीठातील पदवीचा मार्ग सोडून प्राण्यांना खेळ शिकविण्याचा व्यवसाय सुरू केला. पहिले गिऱ्हाईक पुन्हा जनरल मिल्सच. पशुखाद्याच्या जाहिरातीसाठी कोंबड्या व डुकरे गावोगावच्या मेळाव्यांतून फिरू लागली. प्रिसिला नावाची एक डुकरीण टेबलाशी न्याहारी करी, मळके कपडे उचलून टोपलीत टाकी व विजेच्या झाडूने जमीन साफ करी. पुढे हा व्यवसाय आर्कान्सामधील हॉट स्प्रिंग्ज येथे स्थिरावला व १९५५ मध्ये तेथे कायमचे प्रदर्शन उघडले. १९५१ साली ह्या दांपत्याने मानसशास्त्रज्ञांना उद्देशून लिहिलेल्या लेखात एका नव्या उपयोजित शास्त्राची आशा ओसंडून वाहत होती.

दहा वर्षांनी, १९६१ मध्ये, त्यांनी दुसरा लेख लिहिला. गुरूच्या ग्रंथाचे नाव किंचित फिरवून त्यांनी त्याला ‘द मिसबिहेवियर ऑफ ऑर्गॅनिझम्स’ म्हटले. तोवर त्यांनी अडतीस जातींचे सहा हजारांवर प्राणी तयार केले होते. कोणत्याही प्रयोगशाळेकडे एवढा अनुभव नव्हता. लेखाचा सूर व्यावसायिक अपयशाच्या कबुलीचा आहे, आणि त्यातच त्याचे बळ आहे.

एका रॅकूनला नाणी उचलून धातूच्या डब्यात टाकावयास शिकविण्यात आले. एक नाणे ठीक होते. फक्त ते सोडताना तो अळंटळं करी. दोन नाणी दिल्यावर काम कोलमडले. तो ती एकमेकांवर घाशी, डब्यात बुडवी, बाहेर काढी, पुन्हा घाशी, एखाद्या कवडीचुंबक सावकारासारखा. ह्या वर्तनाला अन्न मिळत नव्हते, उलट ते लांबत होते. तरी ते दिवसेंदिवस वाढतच गेले. नदीकाठी खेकडे, शिंपले ह्यांसारखे भक्ष्य हाताने चोळण्याची ही रॅकूनची उपजत रीत होती. बँकेच्या जाहिरातीसाठी आखलेला तो खेळ सोडून द्यावा लागला.

डुकराचा प्रकार अधिक बोलका. लाकडी नाणी तोंडात धरून पेटीत टाकण्याचे काम डुकरे झटकन शिकत. काही आठवड्यांनी मात्र तेच डुक्कर वाटेत नाणे टाकी, नाकाने उकरी, उचलून हवेत फेकी व पुन्हा उकरी. भूक कमी पडत असावी म्हणून ती वाढविण्यात आली, तर उकरणे आणखी वाढले. शेवटी चार नाणी सुमारे सहा फूट नेण्यास एका डुकराला दहा मिनिटे लागू लागली, आणि दिवसभरात त्याला पोटभर खाणेही मिळेना. ज्या उपाशीपणाने शिकलेले वर्तन दृढ व्हावे असे सिद्धान्त सांगत होता, त्यानेच ते मोडून काढले. कोंबड्यांच्या बाबतीत ब्रेलंड ह्यांनी व्यवहारचातुर्य दाखविले. त्यांना काही सेकंद फळीवर स्थिर उभे राहावयास शिकवायचे होते. त्या पायाने माती उकरल्यासारखे करीत राहिल्या, म्हणून त्या खेळाचेच नाव नाचणारी कोंबडी असे ठेवले व बाजूला गाणे लावले. प्रेक्षक खूश झाले. अशी कोंबडी दिवसाकाठी दहा हजारांहून अधिक अनावश्यक, एकसारख्या हालचाली करी.

गिरणीतील कबुतराच्या दहा हजार टोचा आणि ह्या कोंबडीच्या दहा हजार उकरण्या ह्यांत फरक एवढाच की पहिल्या हव्या होत्या, दुसऱ्या नको होत्या. ब्रेलंड दांपत्याने निष्कर्ष काढला की शिकविलेले वर्तन प्राण्याच्या प्रबळ सहजप्रवृत्तीकडे, विशेषतः अन्न मिळविण्याच्या प्रवृत्तीकडे, हळूहळू ढळत जाते. प्राणी कोऱ्या पाटीसारखा येतो, जातींतील भेद गौण आहेत, आणि कोणतीही क्रिया कोणत्याही उद्दीपकाशी सारख्याच सुलभतेने जोडता येते, ही तीन गृहीतके वर्तनवादाने मूकपणे बाळगली होती. ती त्यांनी उघडपणे मांडली व अमान्य केली. हे लिहिणारी माणसे वर्तनवादाची विरोधक नव्हती. त्यांच्या भाकरीचा तो आधार होता. म्हणूनच ह्या साक्षीचे मोल कॉनराड लॉरेन्झ किंवा निको टिनबर्गेन ह्यांसारख्या युरोपीय निरीक्षकांच्या टीकेपेक्षा निराळे आहे, जरी १९७३ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते कार्ल फॉन फ्रिश ह्यांच्यासह त्या निरीक्षकांना.

ह्याच सुमारास दुसऱ्या एका सरकारी कामातून तसाच धक्का बसला. सॅन फ्रान्सिस्को येथील नौदलाच्या किरणोत्सर्ग-संरक्षण प्रयोगशाळेत जॉन गार्सिया उंदरांवर किरणांचे परिणाम तपासत होते. किरणांनी आजारी पडलेला उंदीर त्या वेळी प्यालेल्या गोड पाण्याचा पुढे तिटकारा करतो, असे त्यांनी व सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केले. १९६६ च्या प्रयोगात आजारपणाचा संबंध उंदीर चवीशी जोडतो, आवाजाशी व प्रकाशाशी नव्हे, हे दिसले; विजेच्या धक्क्याच्या बाबतीत नेमके उलट घडले. तिसरे गृहीतक ह्याने पुरते ढासळले. ह्या मालिकेतील निबंध मानसशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकांनी परत पाठविले होते. १९४४ ची समिती कबुतराला हसली. विद्येच्या क्षेत्रातील परीक्षकांनी उंदरावर विश्वास ठेवला नाही. दोन्हींकडे अविश्वासाचे कारण प्रयोगातील दोष हे नव्हते, ते आधीच मनात पक्के झालेले उत्तर होते.

आता राहता राहिली कबुतराची टोच. १९६८ मध्ये ब्राउन व जेन्किन्स ह्यांनी काही कबुतरांपुढे दाणा येण्यापूर्वी थोडा वेळ एक बटण उजळविले. टोच मारण्याची अट नव्हती, दाणा आपोआप मिळत होता. तरी कबुतरे त्या बटणावर टोचा मारू लागली. पुढील वर्षी विल्यम्स दांपत्याने अट उलटी केली : टोच मारली तर दाणा मिळणार नाही. कबुतरे तरीही टोचा मारीतच राहिली व दाणे गमावीत राहिली. १९७३ मध्ये जेन्किन्स व मूर ह्यांनी छायाचित्रांच्या साहाय्याने दाखविले की दाण्याची अपेक्षा असेल तर कबूतर बटणावर चोच उघडून, दाणा टिपल्यासारखी टोच मारते, आणि पाण्याची अपेक्षा असेल तर चोच जवळजवळ मिटून, पाणी प्याल्यासारखी. सोयीसाठी निवडलेली तटस्थ क्रिया म्हणून जिच्यावर सारा सिद्धान्त उभा होता, ती कबुतराच्या खाण्याचीच क्रिया निघाली. स्किनर ह्यांनी १९६६ मध्ये ‘सायन्स’ मासिकातील निबंधात जातीच्या इतिहासाचा वर्तनातील वाटा मान्य केला होता. पण गिरणीतील यशाचा अर्थ त्यांनी ह्या अंगाने पुन्हा लावला नाही.

तीन कबुतरांसाठी बनविलेले बाँबचे ते नाक वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयाकडे आले. युद्ध संपल्यावर स्किनर ह्यांनी काही कबुतरे आपल्याजवळ ठेवून घेतली होती. सहा वर्षे काहीही काम न करता राहिलेल्या त्या पक्ष्यांपुढे जुने लक्ष्य पुन्हा ठेवले तेव्हा त्यांनी तत्काळ व अचूक टोचा मारल्या, आणि दाणा मिळत नसतानाही त्या काही काळ चालू ठेवल्या.